बारसं कुठं झालं? नव्या भाषेतला व्हेरिएबलचा स्कोप

रविवारी दुपारी भाचा लॅपटॉप काखेत मारून मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आला. चप्पल काढायच्या आधीच तक्रार सुरू.

"आत्ती, ह्यो कॉम्प्युटर खुळा हाय. वर एकूण लिवलंय न्हवं? मग एकूण कुठाय म्हणून मलाच कशाला इचारतोय?"

माझा भाऊ गावाकडं असतो. दारात म्हशी आहेत, सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत जातं आणि दर दहा दिवसांनी बिल येतं. पोरगं डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. वर्षभर सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलेलं, आता पायथन ही दुसरी हातात घेतलेलं. बापाच्या बिलाचा ताळा घेणारा छोटा प्रोग्राम लिहायचा म्हणून बसलं आणि दहाव्या ओळीत अडकलं. त्यातला नेमका भाग असा होता:

    एकूण = ०

    डेफ दूध_घाल(लिटर):
        एकूण = एकूण + लिटर

    दूध_घाल(८)

डेफ हा पायथनचा स्वतःचा शब्द; त्यानं फंक्शन, म्हणजे नाव देऊन ठेवलेला कामाचा तुकडा, सुरू होतं. मशिनवर तो रोमन लिपीतच लिहावा लागतो, आकडेही तसेच. इथं वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळं देवनागरीत घेतलंय. 'एकूण', 'लिटर', 'दूध_घाल' ही नावं मात्र पायथन ३ मध्ये खरोखर देवनागरीत चालतात. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी करून बघावं, मजा येते.

तर प्रोग्राम चालवला की पायथन शेवटी 'अनबाउंड लोकल एरर' असं म्हणून हात वर करतं. अर्थ असा, की 'एकूण' हे इथलं घरचं नाव आहे, पण अजून त्याला किंमतच दिलेली नाही. भाच्याचं म्हणणं, किंमत दिलीय, पहिल्याच ओळीत दिलीय, शून्य. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्यांच्यात जो गैरसमज होता तो स्कोपचा, म्हणजे व्हेरिएबल (किंमत ठेवायचं नाव) कुठवर ओळखलं जातं याचा. पुस्तकात 'व्याप्ती' असा शब्द सापडतो, पण वर्गात, हाफिसात, चहाच्या गाड्यावर सगळे स्कोपच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडं आहेत. त्यातल्या दोन बिऱ्हाडांत एकेक आबा आहेत. आमच्या स्वयंपाकघरातून "आबा, चहा झाला" अशी हाक गेली की आमचेच आबा उठतात; पलीकडचे आबा पेपरातून मानसुद्धा वर काढत नाहीत. तिसऱ्या बिऱ्हाडात आबा नाहीत. तिथली पोरं "आबांना विचारून येतो" म्हणाली की ते वाड्याचे थोरले आबा, म्हणजे परत आमचेच. पोरं वाड्याबाहेर पडून तालमीच्या कट्ट्यावर गेली की तिथं 'आबा' म्हणजे वस्ताद. आणि 'राजर्षी' हे नाव घरात कुणाचं नाही, वाड्यात नाही, पेठेत नाही, म्हणून ते शोधत शोधत अख्ख्या कोल्हापूरपर्यंत जातं आणि तिथं एकच उत्तर मिळतं. ते कुणाला सांगावं लागत नाही.

नाव तेच, माणसं वेगळी, आणि तरी घोटाळा होत नाही. कारण आपण सगळे न शिकवता एक नियम पाळतो: आधी घरात बघायचं, नाही सापडलं तर वाड्यात, मग पेठेत, मग गावात. पहिला आबा सापडला की शोध थांबला. पायथनही हेच करतं. आधी फंक्शनच्या आत, म्हणजे लोकल. मग ते फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या पोटात असेल तर त्या बाहेरच्यात, म्हणजे एन्क्लोजिंग. मग अख्ख्या फाइलमध्ये, म्हणजे ग्लोबल. आणि शेवटी पायथनला जन्मतः ठाऊक असलेल्या नावांत, म्हणजे बिल्ट-इन. इथं 'ग्लोबल' या शब्दाला फसायचं नाही. पायथनमध्ये ग्लोबल म्हणजे त्या फाइलपुरतं. आमच्या पेठेतलं ग्लोबल शाहूपुरीत आपोआप कळत नाही; दुसऱ्या फाइलमधलं नाव हवं तर ते इम्पोर्ट करावं लागतं.

एवढं भाच्याला लगेच पटलं. "मग माझं एकूण फंक्शनात न्हाई, तर भाईर बघाय नको का त्यानं?"

बघितलं असतं. पण त्यानं स्वतःच त्या घरात एकूणचं बारसं घालून ठेवलं होतं.

बारसं

नवी प्रोग्रामिंग भाषा शिकताना स्कोपच्या बाबतीत मी पहिला प्रश्न हाच विचारते: इथं नावाचं बारसं कसं होतं, आणि कुठं झालं असं धरलं जातं? बाकीचे नियम बहुतेक यातूनच निघतात.

सी भाषेत बारसं वाजतगाजत होतं. 'इंट एकूण' असं लिहिलं की पाळण्यात नाव पडलं. ज्या महिरपी कंसात ते लिहिलं, त्या कंसापुरतं ते नाव. पुढं नुसतं 'एकूण = ५' लिहिलं तर ते बारसं नव्हे, ती नुसती किंमत बदलणं. म्हणजे नाव देणं आणि किंमत देणं या दोन वेगळ्या गोष्टी, आणि त्या कागदावर वेगळ्या दिसतात. भाचा वर्षभर हे बघत आलेला. सीमध्ये त्याचा हाच प्रोग्राम बिनतक्रार चालला असता: फंक्शनच्या आत 'एकूण = एकूण + लिटर' लिहिलं, आत बारसं नाही, म्हणजे बाहेरचाच एकूण, त्यात आठ लिटर मिळवले, संपलं.

पायथनमध्ये वेगळं बारसं नाहीच. किंमत दिली की तेच बारसं. आणि नियम असा, की फंक्शनच्या आत कुठंही एखाद्या नावाला बरोबरच्या चिन्हानं किंमत दिलेली असेल, तर ते नाव त्या फंक्शनचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अख्ख्या फंक्शनभर. मधूनच नाही.

हा 'अख्ख्या फंक्शनभर' फार महत्त्वाचा. मी भाच्याला एक ओळ वाढवायला लावली:

    डेफ दूध_घाल(लिटर):
        प्रिंट(एकूण)
        एकूण = एकूण + लिटर

आता एरर आली ती प्रिंटच्या ओळीवर. मग खालची ओळ खोडायला सांगितली. प्रिंट निमूट शून्य छापून मोकळं. म्हणजे तिसऱ्या ओळीमुळं दुसरी ओळ मोडत होती! पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आपण वरून खाली वाचतो, त्यामुळं आपल्याला वाटतं की दुसऱ्या ओळीपर्यंत तरी एकूण बाहेरचाच असणार. पण पायथन फंक्शन चालवण्याआधी ते सगळं एकदा नजरेखालून घालतं आणि घरातल्या नावांची यादी पक्की करतं. आत कुठं 'एकूण =' दिसलं, लिहिलं यादीत. मग चालवताना पहिल्या ओळीपासून तो घरचाच. घरचा आबा यादीत आहे, पण पाळण्यात अजून कुणी आलेलं नाही. आणि नाव घरातलं ठरलंय म्हणून शोध वाड्यात जातही नाही.

आता 'एकूण = एकूण + लिटर' या ओळीत उजवीकडचा एकूणही घरचाच झाला. अजून जन्माला न आलेल्या माणसाच्या वयात आठ मिळवायला सांगितलं तर कुणीही हात वरच करणार.

(सीवाल्यांनी लगेच मिशांवर ताव देऊ नये. तिकडं फंक्शनच्या आत 'इंट एकूण = एकूण + लिटर;' असं लिहून बघा. सीमध्ये नाव लिहून झालं त्याच क्षणी बारसं पुरं, त्यामुळं उजवीकडचा एकूण हा नवाच, आणि त्यात त्या जागी आधीचा जो काही कचरा पडला असेल तो. एररसुद्धा मिळेलच असं नाही. त्यापेक्षा पायथनची आरडाओरड परवडली.)

उपाय दोन. फंक्शनच्या पहिल्या ओळीत 'ग्लोबल एकूण' असं लिहायचं. म्हणजे पायथनला सांगायचं, बाबा रे, या नावाचं बारसं इथं झालेलं नाही, हा पेठेतला एकूण आहे. फंक्शनच्या पोटात फंक्शन असेल आणि नाव मधल्या वाड्यातलं असेल तर 'नॉनलोकल' हा शब्द आहे. तो २००८ साली पायथन ३ बरोबर आला. त्याआधी आतल्या फंक्शनातून मधल्याचं नाव वाचता यायचं, बदलता यायचं नाही. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: बाहेरचा एकूण आत पाठवायचा, नवा एकूण परत घ्यायचा. फंक्शनला पेठेशी देणंघेणंच ठेवायचं नाही.

भाच्यानं पहिला निवडला. एक ओळ लिहायची होती, तीन कशाला लिहील!

किटली आणि चिठ्ठी

प्रोग्राम चालला. पोरगं खूश झालं आणि अर्ध्या तासानं पुन्हा माझ्यापुढं. या वेळी तक्रार उलटी: एरर का आली नाही?

रोजचं दूध ठेवायला त्यानं फाइलच्या वर 'नोंदी' नावाची रिकामी यादी केली होती आणि फंक्शनच्या आत 'नोंदी.अपेंड(लिटर)' लिहिलं होतं. ग्लोबल वगैरे काही न लिहिता बाहेरची यादी आतून भरली गेली. "मग एकूणनंच काय घोडं मारलं हुतं?"

प्रश्न चांगला होता. इथं नाव आणि वस्तू वेगळी करून बघावी लागते. नाव म्हणजे किटलीला बांधलेली चिठ्ठी. 'नोंदी.अपेंड' म्हणजे चिठ्ठी वाचायची, किटली शोधायची आणि तिच्यात दूध ओतायचं. चिठ्ठीला हात लागला नाही. वाचायला पायथन बाहेर जातंच, म्हणून चाललं. 'एकूण = ...' म्हणजे चिठ्ठी सोडून दुसऱ्या किटलीला बांधायची. स्कोपचा नियम फक्त चिठ्ठीच्या बांधण्या-सोडण्याला लागतो, आतल्या दुधाला लागत नाही. मग मी त्याला तेच 'नोंदी += [लिटर]' असं लिहायला लावलं, आणि एरर परत हजर. काम तेच, पण बरोबरचं चिन्ह आलं, म्हणजे चिठ्ठी बांधली, म्हणजे बारसं.

सीमधून, जावामधून येणारी बहुतेक माणसं इथंच धडपडतात, आणि मीही धडपडले होते. वाचायचे नियम आणि लिहायचे नियम एकच असतील असं आपण धरून चालतो. पायथनमध्ये ते एक नाहीत.

भिंती कशाच्या?

दुसरा प्रश्न: नाव अडवणारी भिंत कशानं उभी राहते?

सी, जावा आणि त्यांच्या गोतावळ्यात महिरपी कंस म्हणजे भिंत. 'इफ'च्या कंसात जन्मलेलं नाव कंस बंद होताच हाकेपलीकडं. ही पद्धत अल्गोल ६० या भाषेनं रुळवली. 'बिगिन' आणि 'एंड' यांच्यामधला भाग म्हणजे एक ब्लॉक, आणि ब्लॉकमधलं नाव ब्लॉकपुरतं. आज आपल्याला ते हवेसारखं सहज वाटतं. पण १९६४ साली डार्टमथ कॉलेजात जन्मलेल्या पहिल्या बेसिकमध्ये व्हेरिएबलचं नाव म्हणजे एक अक्षर, फार तर त्याच्यापुढं एक आकडा. २६ अक्षरं आणि त्यांना दहा आकड्यांच्या जोड्या, एकूण २८६ नावं. आणि भिंती नाहीतच. सगळं गाव एकाच खोलीत झोपलेलं.

पायथनमध्ये 'इफ' आणि 'फॉर' भिंत घालत नाहीत. भिंत फंक्शनची. त्यामुळं भाच्यानं फॅट ६ किंवा जास्त असेल तर 'दर' ठरवणारी ओळ इफच्या आत लिहिली आणि बाहेर तो दर वापरला, ते पायथनला चाललं. जावानं तिथंच कान धरला असता. पण या मोकळेपणात खड्डा आहे: एखाद्या दिवशी फॅट ५.८ लागली की इफच्या आत कुणी गेलंच नाही, दराचं बारसं झालंच नाही आणि प्रोग्राम त्याच दिवशी आडवा. नऊ दिवस नीट चालतो आणि दहाव्या दिवशी, नेमका बिलाच्या दिवशी पडतो. म्हणून इफच्या आधीच दराला काहीतरी किंमत देऊन ठेवायची सवय लावावी.

जावास्क्रिप्टची गोष्ट जरा वेगळी, आणि तिच्यात इतिहास घुसलाय. १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला. त्यात बारशासाठी एकच शब्द होता, 'व्हार', आणि त्याची भिंत फंक्शनची. दिसायला मात्र भाषा सी-जावासारखी, महिरपी कंसांची. म्हणजे भिंती दिसतात, पण आवाज आरपार जातो. वीस वर्षं लोकांनी हे सोसलं. २०१५ च्या आवृत्तीत 'लेट' आणि 'कॉन्स्ट' आले, आणि त्यांना कंसाची भिंत लागू झाली. आज नवीन शिकणाऱ्यानं 'व्हार' लिहूच नये असं माझं स्पष्ट मत. पण ओळखता यायला हवं, कारण जुन्या कोडमध्ये तो पावलोपावली भेटतो.

दोघांतला आणखी एक फरक मजेशीर आहे. 'व्हार'नं केलेलं नाव बारशाच्या ओळीआधी वापरलं तर जावास्क्रिप्ट काही बोलत नाही, 'अनडिफाइन्ड' अशी पोकळ किंमत देतं. हजेरीपटावर नाव आहे, पोरगं अजून वर्गात आलेलं नाही, आणि मास्तर गप्प. 'लेट'च्या बाबतीत तेच केलं तर सरळ एरर. म्हणजे पायथनच्या त्या आरडाओरडीचा हा सख्खा भाऊच.

आणि बारसं घातलंच नाही तर? म्हणजे आधी कुठंच नसलेल्या नावाला नुसतंच 'एकूण = ५' असं फंक्शनच्या आत लिहिलं तर? पायथन ते पोर त्या घरात घेतं. जुन्या पद्धतीचं जावास्क्रिप्ट ते गावावर सोडतं, म्हणजे गुपचूप ग्लोबल करतं. 'यूज स्ट्रिक्ट' लिहिलं असेल तर मात्र एरर देतं. लुआ भाषेत 'लोकल' न लिहिता अशी किंमत दिली की नाव ग्लोबल. सी कंपाइलच करत नाही. एकच ओळ, चार भाषा, चार वागण्या. नवी भाषा हातात आली की मी पहिल्या तासात ही ओळ लिहून बघते.

सावलीबद्दल थोडक्यात. आतल्या नावानं बाहेरचं झाकलं की त्याला शॅडोइंग म्हणतात. घरातल्या पोराचं नाव शाहू ठेवलं की त्या घरात "शाहू कुठाय?" म्हटल्यावर कुणी इतिहासाचं पुस्तक उघडत नाही, तसंच. सी हे चालवून घेतं. जावा एका मेथडमधल्या (तिकडं फंक्शनला मेथड म्हणतात) एका लोकल नावावर दुसरं लोकल नाव चढू देत नाही. रस्टमध्ये तर एकाच ब्लॉकमध्ये तेच नाव पुन्हा 'लेट'नं ठेवायची रीतच आहे. गोमध्ये ':=' आणि '=' यांत एका टिंबाजोडीचा फरक, आणि आतल्या कंसात चुकून पहिलं लिहिलं की नवंच बारसं होतं; बाहेरची किंमत तशीच राहते आणि आपण तासभर स्क्रीनकडं बघत बसतो. पायथनमध्ये नवशिक्यांचा नेहमीचा अपघात म्हणजे आपल्या यादीला 'लिस्ट' हेच नाव देणं. बिल्ट-इन लिस्ट झाकली जाते आणि वीस ओळींनंतर 'लिस्ट(...)' लिहिलं की भलतीच एरर येते. आपल्या व्हेरिएबलला मराठी नाव दिलं तर हा अपघात होतच नाही, हा माझा जुना मुद्दा. हाफिसात कुणी ऐकत नाही.

पुण्याला गेलेलं पोरगं

आता थोडं अवघड, पण खरी गंमत इथंच आहे.

आमच्या वाड्यातलं पोरगं नोकरीला पुण्याला गेलं. तिथं मित्राच्या घरी जेवताना म्हणालं, "आबा म्हणतात, ऊस लावू नको." कोणते आबा? त्याचे कोल्हापूरचे. मित्राच्या घरातही एक आबा समोर बसलेत, पण पोराच्या तोंडातल्या 'आबा'चा अर्थ ते जिथं वाढलं तिथून येतो, जिथं बसलंय तिथून नाही. तसंच ते "मिसळ" म्हणालं की ती कोणती, हे पुणेकरांनी विचारू नये.

याला लेक्सिकल स्कोप म्हणतात. फंक्शन जिथं लिहिलं गेलं त्या जागेवरून नावांचे अर्थ ठरतात, ते कुठून बोलावलं गेलं यावरून नाही. पायथन, जावास्क्रिप्ट, सी, जावा, सगळ्या याच वळणाच्या. उलटी पद्धतही आहे, डायनॅमिक स्कोप: पोरगं ज्या घरात बसलंय तिथले आबा ते आपले आबा. जुन्या लिस्प भाषेत असंच होतं. १९७५ च्या सुमारास स्टील आणि ससमन यांच्या स्कीम नावाच्या भाषेनं लेक्सिकल वाट धरली. हा केवळ इतिहास समजू नका. लिनक्सवर बॅश (कमांड देण्याची भाषा) स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना डायनॅमिक स्कोप आजही रोज भेटतो. बॅशमध्ये 'हिशेब' नावाच्या फंक्शनात 'दर' वापरलाय, आणि 'सकाळ' नावाच्या फंक्शनात 'लोकल दर' ठरवून तिथून हिशेबला बोलावलं, तर हिशेबला सकाळचाच दर दिसतो. संध्याकाळमधून बोलावलं तर संध्याकाळचा. लोकल लिहूनही ते पाहुण्याला दिसतं. पायथनमधून आलेल्याला हे भूत वाटतं.

पुण्याच्या पोरात अजून एक गोष्ट दडलीय. समजा इथला वाडा विकला, पाडला. तरी पोराच्या बोलण्यातले आबा हरवत नाहीत. एका फंक्शननं दुसरं फंक्शन तयार करून बाहेर पाठवलं आणि स्वतः संपलं, तरी त्या आतल्या फंक्शनला लागणारी नावं जिवंत ठेवली जातात. हे क्लोजर. म्हणजे नाव कुठवर दिसतं आणि वस्तू कधीपर्यंत जगते या दोन वेगळ्या गोष्टी. सीमधलं 'स्टॅटिक' याचं साधं उदाहरण: फंक्शनच्या आत 'स्टॅटिक इंट मोजणी' लिहिलं तर नाव फंक्शनबाहेर कुणाला दिसत नाही, पण किंमत प्रोग्राम संपेपर्यंत टिकते. माणूस धडधाकट आहे, फक्त हाक पोचत नाही.

क्लोजर आबांना बरोबर नेतं, आबांचा फोटो नाही. हा फरक लूपमध्ये नडतो. जावास्क्रिप्टमध्ये 'व्हार आय' घेऊन शून्यापासून तीन फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक फेरीत "दाबल्यावर आय छाप" असं एकेक बटण केलं, तर तिन्ही बटणं ३ छापतात. तिन्ही फंक्शनांकडं एकच आय आहे, आणि बटण दाबेपर्यंत तो तीनवर जाऊन बसलाय. 'लेट आय' लिहिलं की प्रत्येक फेरीला नवं बारसं होतं आणि ०, १, २ येतात. पायथनमध्ये लूपच्या आत लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, लिहिणाऱ्यांनाही हाच फटका बसतो. गो भाषेत लोक वर्षानुवर्षं यात सापडत राहिले. शेवटी फेब्रुवारी २०२४ मधल्या १.२२ आवृत्तीत त्यांनी लूपचा नियमच बदलला, आता फेरीगणिक नवं व्हेरिएबल. भाषा तयार झाल्यावर असा पायाचा दगड हलवणं सोपं नसतं. तरी हलवला, यावरून किती जणांनी डोकं आपटलं असेल ते समजा.

"मग सगळं ग्लोबलच ठेवलं तर?"

भाच्यानं हे विचारलंच. बहुतेक सगळे विचारतात.

मी नोकरीला लागले त्या पहिल्या ठिकाणची गोष्ट त्याला सांगितली. दुधाच्याच हिशेबाचा प्रोग्राम होता. 'दर' हे नाव ग्लोबल. म्हशीचं बिल काढणारं फंक्शन तो वाचायचं. नंतर कुणीतरी गाईच्या बिलाचं फंक्शन जोडलं. त्यानं दर बदलला, काम केलं, आणि परत जागेवर ठेवला नाही. ज्या दिवशी गाईचं दूध यादीत सगळ्यात शेवटी यायचं त्या दिवशी सगळं ठीक. ज्या दिवशी मधे यायचं त्या दिवशी पुढच्या सगळ्या म्हशींना गाईचा दर. आम्ही तीन दिवस बेरीज-गुणाकार तपासत बसलो. दोन्ही फंक्शनं वेगवेगळी वाचली तर बिनचूक होती. चूक त्यांच्या मधल्या हवेत होती, आणि ज्या कुणी ते नाव वाचत किंवा बदलत होतं त्या प्रत्येकाकडं संशयानं बघावं लागत होतं. हजार ओळींत असे सतरा जण निघाले. बोलणी खाल्ली ती वेगळीच.

यानंतर पोरानं गप बसून 'ग्लोबल एकूण' खोडलं आणि फंक्शन परत लिहिलं: एकूण आत घ्यायचं, नवं परत द्यायचं. मी काही बोलले नाही. चहा टाकला.

काल रात्री त्याचा फोन. कॉलेजात कुणाची तरी वेबसाइट करायची आहे, म्हणून पीएचपी ही भाषा उघडलीय.

"आत्ती, आता काय मी एकूणला हात बी लावला न्हाई. नुसतं छापाय गेलो फंक्शनातनं. तर म्हणतंय असलं नावच न्हाई!"

पीएचपीत फंक्शनला खिडकीच नसते. बाहेरचं नाव वाचायचं असलं तरी आत 'ग्लोबल' लिहून मागून घ्यावं लागतं. मी सांगणार एवढ्यात तोच म्हणाला, "थांब, थांब. हितं वाचाय सुदिक भाईर जात न्हाई व्हय?" आणि फोन ठेवून दिला.